कंबरभर पाण्यातली परीक्षा

दरवर्षी नोव्हेंबर महिना उजाडला की मी बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचे लिहून देतो. निवृत्तीपूर्वीची काही वर्षे ज्या शाखेत काढली, तिथल्याच एका टेबलासमोर उभा राहतो. पलीकडे बसलेली मुलगी मला चांगली ओळखते. सर म्हणून हाक मारते, चहा विचारते आणि तरीही हयातीच्या दाखल्याचा फॉर्म पुढे सरकवून सही करायला लावते. मग ती सही जुन्या नमुन्याशी ताडून पाहते. पहिल्या वर्षी मला याचा रागच आला होता. ज्या माणसाने उभा जन्म लोकांच्या सह्या तपासण्यात घालवला, त्याची सही तपासायची? पुढे सवय झाली. पण मनात कुठेतरी ती बोच राहिली होती. ती निघाली मात्र बँकेत नव्हे, तर अंदमानात, समुद्रकाठच्या वाळूत बसलो असताना.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही सारे कुटुंब स्वराज द्वीपवर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर गेलो होतो. आम्ही दोघे, मुलगी, जावई आणि आठ वर्षांचा नातू. मुलीला नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरण्याचा, ज्याला स्कूबा म्हणतात त्याचा, छंद लागला होता. तिने त्याचे रीतसर शिक्षण घेतले, लेखी परीक्षा दिली, शिक्षकाबरोबर समुद्रात बुड्या मारल्या, आणि तिला फोटो असलेले एक कार्ड मिळाले. या कार्डावर मुदत संपण्याची तारीख नसते. एकदा मिळाले की जन्मभराचे. संसारात आणि नोकरीत ते कपाटाच्या तळाशी गेले होते. ते तिने मुद्दाम शोधून आणले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीतून थेट खोल पाण्यात जायचे, असा तिचा बेत.

तिथला प्रशिक्षक पंचविशीतला, कमी बोलणारा मुलगा होता. त्याने कार्ड पाहिले, बुड्यांची नोंदवही आहे का विचारले. वही होती. शेवटची नोंद नातवाच्या जन्माच्या आधीची, म्हणजे नऊ वर्षांपूर्वीची होती. तो हसला नाही, की नाही म्हणाला नाही. उद्या आधी काठाजवळच्या कंबरभर पाण्यात थोडा वेळ काही गोष्टी करून पाहू आणि मग बोटीचे ठरवू, एवढेच त्याने सांगितले. मुलीचा चेहरा पडला. कार्ड खोटे वाटते का, असे ती विचारणार होती. पण गप्प राहिली. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. नोव्हेंबरातला माझा चेहरा असाच दिसत असणार.

त्या रात्री जेवणानंतर आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. ती अजून धुसफुसत होती. तेव्हा मी तिला झाक कुस्तोची गोष्ट सांगायला घेतली. नोकरी लागली तेव्हा मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर मला त्याचे ‘द सायलेंट वर्ल्ड’ हे पुस्तक मिळाले होते. तेव्हापासून या फ्रेंच माणसाविषयी जे सापडेल ते मी वाचत आलो आहे. ज्या यंत्रामुळे आज हौशी माणूस सुट्टीत पाण्याखाली जाऊन मासे पाहून येतो, ते यंत्र ज्या दोघांनी घडवले, त्यांतला हा एक. आणि समुद्राने ज्याची परीक्षा पुन्हा पुन्हा घेतली, असाही तोच.

झाक-ईव्ह कुस्तोचा जन्म 11 जून 1910 रोजी, बोर्दोजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युब्झाक या गावी झाला. वडील श्रीमंत अमेरिकन माणसांचे सचिव म्हणून काम करीत, त्यामुळे घर सतत फिरतीवर. मुलगा प्रकृतीने नाजूक. दहा वर्षांचा असताना कुटुंबाबरोबर अमेरिकेत गेला, तेव्हा सुट्टीच्या शिबिरात एका शिक्षकाने त्याला तळ्याच्या तळाशी साचलेल्या फांद्या काढायला लावले. पोरे वरून उड्या मारीत, त्यांना लागू नये म्हणून. शिक्षाच ती, पण पोराला पाण्याखाली राहणे आवडून गेले. शाळेत तो फारसा चमकला नाही. खिडक्यांच्या काचा फोडल्याबद्दल त्याला शाळेतून काढलेही होते. मात्र पैसे साठवून त्याने लहानपणीच चित्रपटाचा कॅमेरा घेतला होता. पाणी आणि कॅमेरा, या दोन गोष्टी त्याने पुढे जन्मभर सोडल्या नाहीत.

1930 मध्ये तो नौदलाच्या अकादमीत दाखल झाला. त्याला व्हायचे होते वैमानिक. पण 1936 च्या सुमारास, वडिलांची मोटार घेऊन रात्री डोंगराळ रस्त्याने जाताना दिवे गेले आणि गाडी कोसळली. दोन्ही हात मोडले. एक हात कापावा लागेल असे डॉक्टरांचे मत पडले. त्याने नकार दिला आणि महिनोन्‌महिने व्यायाम करून हातात जीव आणला. विमान मात्र कायमचे सुटले. तुलाँच्या बंदरात नेमणूक असताना हाताला बळ यावे म्हणून तो रोज समुद्रात पोहू लागला. फिलिप ताये नावाच्या सहकारी अधिकाऱ्याने त्याला मोती काढणारे वापरतात तसा पाण्यातला चष्मा दिला. तो लावून कुस्तोने डोके पाण्याखाली घातले आणि त्याचे आयुष्य बदलले. पाण्याखाली एक अख्खे जग होते. आणि तिथे माणसाला एका श्वासापुरतेच राहता येत होते.

मग श्वासाचा प्रश्न त्याच्या मागे लागला. युद्धाच्या तोंडावर, 1939 मध्ये, त्याने शुद्ध ऑक्सिजनवर चालणारे उपकरण करवून घेतले. शुद्ध ऑक्सिजन थोड्या खोलीनंतर विषासारखा वागतो, हे तेव्हा नीटसे उमगलेले नव्हते. सुमारे 14 मीटरवर त्याला आकडी आली. वजनाचा पट्टा कसाबसा सुटला आणि शरीर आपोआप वर आले, म्हणून वाचला. एवढे होऊन त्याने यंत्रात सुधारणा केली आणि पुन्हा उतरला. पुन्हा आकडी आली. त्यानंतर त्याने ऑक्सिजनचा नाद सोडला. हवी होती ती साधी हवा, पण नेमक्या दाबाने आणि मागू तेव्हाच मिळणारी.

इथे त्याच्या सासुरवाडीचा उपयोग झाला. 1937 मध्ये त्याने सिमोन मेल्शियोर या अठरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते. घराणे नौदलाचे, आणि तिचे वडील औद्योगिक वायू बनवणाऱ्या एका मोठ्या फ्रेंच कंपनीत होते. त्या ओळखीने 1942 च्या अखेरीस कुस्तो पॅरिसमध्ये त्याच कंपनीतल्या एमिल गान्यां या इंजिनिअरला भेटला. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते, मोटारी वायूवर चालवाव्या लागत. त्यासाठी गान्यांने एक झडप तयार केली होती. इंजिनाला लागेल तेवढाच वायू ती सोडी. हीच झडप माणसाच्या फुप्फुसासाठी का वापरू नये, असा विचार दोघांनी केला.

पहिले यंत्र घेऊन कुस्तो थंडीच्या दिवसांत पॅरिसजवळच्या मार्न नदीत उतरला. आडवा पोहताना यंत्र झकास चालले. उभा राहिला की हवा भसाभस वाया जाई आणि डोके खाली केले की श्वास ओढवेना. निराश होऊन दोघे मोटारीतून परत निघाले. पण घरी पोचण्याआधीच त्यांना चूक सापडली. हवा आत येण्याची जागा आणि उच्छ्वास बाहेर जाण्याची जागा वेगवेगळ्या उंचीवर होत्या, त्यामुळे दोन्हीकडे पाण्याचा दाब सारखा नव्हता. दोन्ही तोंडे एका पातळीवर आणली आणि यंत्र सुधारले. हीच चूक खोल समुद्रात कळली असती, तर आज त्याचे चरित्र लिहायला कारण उरले नसते. नदीच्या उथळ पाण्यात कळली म्हणून निभावले.

जून 1943 मध्ये, परकी फौजांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, बांदोलच्या स्टेशनवर एक लाकडी खोके आले. त्यात नवे यंत्र होते. एका आडबाजूच्या किनाऱ्यावर कुस्तो ते पाठीला बांधून पाण्यात शिरला. सिमोन वर तरंगत, मास्कमधून त्याच्यावर नजर ठेवून होती. फ्रेदेरिक द्युमा हा त्यांचा मित्र, पट्टीचा पाणबुड्या, काठावर सज्ज होता. काही बिघडले तर उडी घेण्यासाठी. कुस्तोने पाण्यात कोलांट्या घेतल्या, उलटा झाला, हात न हलवता मधोमध स्थिर राहिला. हवा बिनबोभाट मिळत होती. शोधाच्या पहिल्या दिवशीही त्या माणसाने एकट्याने उतरण्याची हौस केली नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. एकाने पाण्यात, एकाने वर, एकाने काठावर, अशी ती वाटणी होती.

त्या उन्हाळ्यात तिघांनी असंख्य बुड्या मारल्या. त्याच वर्षी द्युमा 62 मीटरपर्यंत जाऊन आला आणि खाली गेल्यावर आपल्याला दारू चढल्यासारखे झाले होते, असे त्याने सांगितले. दाबाखालचा नायट्रोजन मेंदूवर असा परिणाम करतो. त्या अवस्थेत माणसाला आपण अगदी ठीक आहोत, असेच वाटत असते. हे कळले आणि या लोकांनी खोलीचा धसका घेतला. पण यंत्राविषयीचा, स्वतःविषयीचा विश्वासही वाढत चालला होता. आणि विश्वास वाढला की तपासणी ढिली पडते. बँकेत मी हेच पाहिले आहे. घोटाळा नवशिक्याच्या हातून क्वचित होतो. वीस वर्षे न चुकलेल्या माणसाचे व्हाउचर कुणी उघडून पाहत नाही, तिथे होतो.

युद्ध संपल्यावर ताये, कुस्तो आणि द्युमा यांनी तुलाँला नौदलाचे पाण्याखालचे संशोधन पथक उभारले. ऑगस्ट 1946 मध्ये हे पथक आव्हिन्याँजवळच्या व्होक्ल्यूझच्या झऱ्यावर गेले. डोंगराच्या पायथ्याशी असलेले हे कुंड एरवी शांत असते आणि वर्षात काही काळ एकदम उसळून वाहते. याचे गूढ तळाशी जाऊन सोडवायचे होते. कुस्तो आणि द्युमा एकमेकांना दोरीने बांधून त्या काळोख्या विवरात उतरले. वर दोरी धरून उभा होता मोरिस फार्ग, नौदलातला जुना जाणता पाणबुड्या. दोरीच्या झटक्यांच्या खुणा ठरल्या होत्या. तीन झटके म्हणजे आणखी दोरी सोडा. सहा झटके म्हणजे ताबडतोब वर ओढा.

दीडशे फुटांच्या आसपास दोघांचेही डोके काम देईना. आपण इथे कशाला आलो, हेच कुस्तोला आठवेना. द्युमा तर अर्धवट शुद्धीत होता, तोंडातली नळी सुटू पाहत होती. कुस्तो मित्राला घेऊन दोरीने वर चढू लागला. वर फार्गला दोरी हलताना जाणवली. त्याला वाटले, यांना आणखी दोरी हवी आहे. त्याने ती सोडली. कुस्तो चढत होता आणि दोरी त्याच्याकडे खाली येत होती. अखेर, उरल्यासुरल्या शुद्धीत, त्याने सहा झटके दिले. फार्गने सर्व शक्तीनिशी दोघांना ओढून काढले.

पुढे हवेच्या टाक्या तपासल्या, तेव्हा कारण सापडले. टाक्यांत हवा भरणाऱ्या पंपाने आपल्याच इंजिनाचा धूर आत ओढून घेतला होता. हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळला होता. वर श्वास घेतला असता तर कदाचित डोके दुखण्यावर भागले असते. खोलवर दाब अनेक पट असल्यामुळे तीच हवा विष झाली. फ्रान्समधले सर्वांत तरबेज दोन पाणबुडे. त्यांच्या कौशल्यात काही उणे नव्हते. ज्या हवेवर ते उतरले, ती कुणी हुंगून पाहिली नव्हती. आणि दोरीची खूण ऐनवेळी वेगळी वाचली गेली.

या गोष्टीचा उत्तरार्ध ऐकताना मुलगी गप्प झाली. वर्षभरानंतर, सप्टेंबर 1947 मध्ये, हे पथक खोलीची मर्यादा अजमावत होते. बोटीवरून एक दोर सोडलेला, त्याला ठरावीक अंतरावर पाट्या बांधलेल्या. पाणबुड्याने जिथवर जाता येईल तिथवर जायचे, तिथल्या पाटीवर सही करायची आणि परत यायचे. त्या दिवशी पाळी फार्गची होती. खाली जाताना तो दोरीला झटका देऊन सारे ठीक असल्याचे कळवत राहिला. मग झटके थांबले. वरच्यांनी दोर ओढायला सुरुवात केली. मदतीसाठी उतरलेल्या साथीदाराला तो सुमारे 45 मीटरवर दिसला, तेव्हा त्याची श्वासाची नळी तोंडातून सुटून छातीवर लोंबत होती. कित्येक तास प्रयत्न केले, पण तो गेला. दोर वर आल्यावर कळले की 120 मीटरच्या पाटीवर त्याची सही होती. तोवर इतक्या खोलवर या यंत्राने कुणीच गेले नव्हते.

ज्याने कुस्तोचा जीव वाचवला होता, त्याचा जीव कुस्तोच्या यंत्राने पाण्याखाली गेला. यंत्र बिघडले नव्हते. टाकीत हवा होती. तोंडातून सुटलेली नळी पुन्हा तोंडात घालण्याएवढे भान उरले नव्हते, इतकेच. या घटनेनंतर त्यांनी साध्या हवेवर सुमारे 90 मीटरच्या खाली जायचे नाही, अशी सीमा आखून घेतली. आज सुट्टीतल्या हौशी पाणबुड्यांना त्याच्या निम्म्या खोलीपर्यंतही जाऊ देत नाहीत. आणि उथळ पाण्यात त्यांना जी कामे करून दाखवायला सांगतात, त्यांत तोंडातली नळी मुद्दाम सोडायची, हात मागून फिरवून ती शोधायची आणि पुन्हा तोंडात घ्यायची, हे काम असतेच असते. ते काम पाहताना माझ्यासारख्याला फार्ग आठवतो.

त्यानंतरचे कुस्तोचे आयुष्य जगाला ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगतो. 1950 मध्ये लॉएल गिनेस या ब्रिटिश धनिकाने त्याला सुरुंग काढणारे एक जुने जहाज नाममात्र एका फ्रँकच्या वार्षिक भाड्याने दिले. तेच ‘कॅलिप्सो’. ते सजवण्यासाठी सिमोनने आपले दागिने विकले. पुढची चाळीस वर्षे ती त्या जहाजावर नवऱ्यापेक्षाही जास्त राहिली. खलाशी तिला मेंढ्या राखणारी म्हणत, कारण त्या सगळ्यांना तीच राखत असे. 1956 च्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला कान महोत्सवात पाम दोर मिळाले आणि नंतर ऑस्करही. 1957 पासून तीसएक वर्षे तो मोनाकोच्या समुद्रविज्ञान संग्रहालयाचा संचालक होता. 1963 मध्ये त्याची माणसे सुदानजवळ तांबड्या समुद्राच्या तळाशी घर बांधून महिनाभर राहिली. दूरचित्रवाणीवरच्या त्याच्या मालिकांनी लाल लोकरी टोपीतला तो काटकुळा म्हातारा घरोघर पोचवला.

त्याचे यंत्रही घरोघर पोचले, आणि तिथे अडचण झाली. खेळाच्या सामानाच्या दुकानात पैसे मोजले की टाकी मिळे आणि माणूस थेट समुद्रात शिरे. यंत्र इतके सोपे होते की शिकण्याची गरजच वाटू नये. अपघात होऊ लागले. मग पन्नाशीच्या दशकात ठिकठिकाणी वर्ग, परीक्षा, प्रमाणपत्रे सुरू झाली. 1959 मध्ये मोनाकोत निरनिराळ्या देशांच्या पाणबुडी संघटनांनी एकत्र येऊन जागतिक महासंघ स्थापला, त्याचा पहिला अध्यक्ष कुस्तोच होता. त्याच सुमाराची एक गोष्ट मनाला चटका लावते. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत कॉनराड लिंबॉ या शास्त्रज्ञाने पाणबुड्यांच्या शिक्षणाची घडी बसवली होती. तिकडच्या पुढच्या साऱ्या शिक्षणावर त्याची छाप आहे. हा गुरूंचा गुरू 1960 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या एका पाण्याखालच्या गुहेत शिरला आणि बाहेर येऊ शकला नाही. समुद्र ज्येष्ठता पाहत नाही.

कुस्तोने स्वतःला तपासले का? माझ्या मते या माणसाचे मोठेपण इथे आहे. त्या गाजलेल्या चित्रपटात मासे मोजण्यासाठी त्याची माणसे प्रवाळात सुरुंग उडवतात. जहाजाच्या पंख्याने जखमी झालेल्या देवमाशाच्या पिलावर शार्क तुटून पडतात, तेव्हा खलाशी त्या शार्कना वर ओढून ठार मारतात. आज ते पाहवत नाही. तेव्हा कुणाला काही वाटले नव्हते, त्यालाही नाही. पण तो त्याच त्याच जागी पुन्हा उतरत राहिला आणि भूमध्य समुद्राचा तळ ओसाड होत चाललेला त्याने डोळ्यांनी पाहिला. 1960 मध्ये फ्रेंच अणुसंस्थेने किरणोत्सारी कचरा त्या समुद्रात टाकण्याचे ठरवले, तेव्हा सरकारी मानसन्मान मिळवलेला हा माणूस सरकारच्या विरोधात उभा राहिला आणि तो बेत स्थगित झाला. 1973 मध्ये त्याने समुद्राच्या रक्षणासाठी संस्था काढली. अंटार्क्टिकाला खाणींपासून वाचवण्यासाठी ऐंशीच्या घरात असताना लाखो सह्या गोळा केल्या. समुद्राविषयी आपल्याला सारे कळते, असे म्हणण्याचा अधिकार कुणाला असलाच तर त्याला होता. तो अधिकार न वापरता त्याने आपली जुनी समजूत बदलली.

घरात मात्र त्याला हे साधले नाही. धाकटा मुलगा फिलिप त्याचा लाडका, कामाचा वारसदार. जून 1979 मध्ये लिस्बनजवळ, दुरुस्तीनंतर आपले सागरी विमान तपासून पाहत असताना, नदीच्या पाण्यावर झालेल्या अपघातात तो गेला. 1990 मध्ये सिमोन गेली. तिच्या हयातीतच कुस्तोचा दुसरा संसार सुरू झालेला होता, दोन मुले होती, हे जगाला नंतर कळले. पुढच्याच वर्षी त्याने ते लग्न रीतसर केले. थोरला मुलगा झाँ-मिशेल याच्याशी वाद कोर्टात गेला. आणि कशावरून? फिजी बेटांवरच्या एका सुट्टीच्या रिसॉर्टला कुस्तो हे आडनाव दिले होते, त्यावरून. बापाने मुलावर दावा लावला आणि मुलाला रिसॉर्टच्या नावात आपले पूर्ण नाव घालावे लागले. ज्याने पाण्याचे दार साऱ्या जगाला उघडून दिले, त्याच्या घरची नावाची पाटी अशी वादात सापडली. जानेवारी 1996 मध्ये सिंगापूरच्या बंदरात एका तराफ्याची धडक बसून ‘कॅलिप्सो’ बुडाली. दीड वर्षाने, 25 जून 1997 रोजी, कुस्तो पॅरिसमध्ये वारला. जन्मगावीच त्याला पुरले आहे.

एवढे सांगून होईतो बरीच रात्र झाली होती. मुलगी काही न बोलता झोपायला गेली.

सकाळी मी नातवाला घेऊन वाळूत बसलो. पाणी काचेसारखे होते. मुलीने आणि त्या प्रशिक्षकाने आधी एकमेकांचे सामान तपासले. फुगणारे जाकीट, वजने, बंद सुटतात का, टाकी उघडी आहे का, काटा किती दाखवतो, हवेला वास येतो का. तिने त्याचे पाहिले, त्याने तिचे. मला आमची स्ट्राँगरूम आठवली. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी कॅशिअरकडे. एकट्याने कुणालाच दार उघडता येत नसे. चोवीस वर्षांत कॅशिअरने कधी मनाला लावून घेतले नाही, मीही नाही.

मग ते पाण्यात गुडघ्यांवर बसले. पहिले काम मास्कचे. मास्कमध्ये पाणी येऊ द्यायचे, मग वरची कड दाबून, मान किंचित मागे करून नाकाने श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जाते. पुस्तकात सोपे आहे. मुलीने पाणी आत घेतले आणि नऊ वर्षांत विसरलेले शरीर चुकले. तिने नाकाने श्वास आत ओढला. ती ठसकत, खोकत, धडपडत उभी राहिली. पाणी कमरेएवढेच होते. नातू घाबरून माझा हात धरून बसला. मी मनात हिशेब मांडला. हेच दहा मीटरवर झाले असते, तर ती अशीच वर झेपावली असती. तिथे दाब वरच्या दुप्पट असतो. श्वास कोंडून माणूस वर आला, तर छातीतली हवा दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटते. शिकवलेला पहिला नियम, श्वास कधी कोंडू नये, घाबरलेला माणूस पहिल्यांदा तोच मोडतो.

प्रशिक्षक काही बोलला नाही. तिचा श्वास शांत होईपर्यंत थांबला. दुसऱ्या वेळी अर्धे जमले, तिसऱ्या वेळी नीट. मग नळी सोडून पुन्हा शोधण्याचे काम झाले. तेही जमले. आपले ठीक चालले आहे, हे सांगायला तिने खुशीत अंगठा वर केला, आणि लगेच तो तिला दंडाला धरून वर घेऊन उभा राहिला. ती गोंधळली. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे छान नव्हे; अंगठा वर म्हणजे मला वर जायचे आहे. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. ती मोठ्याने हसली आणि तिने काठावर माझ्याकडे पाहिले. सहा झटके आणि तीन झटके तिलाही आठवले असावेत.

शेवटी वजनांचे पाहिले. नऊ वर्षांपूर्वी लागत होती तेवढीच वजने तिने मागून घेतली होती. माणसाचे शरीर तेवढेच राहत नाही. ती तळाला टेकून बसली, तेव्हा त्याने दोन किलो काढून घेतले. मग ती ना वर, ना खाली, हात जुळवून पाण्यात मधोमध स्थिर झाली. वरून पाहताना ती झोपल्यासारखी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी ती बोटीने गेली आणि 12 मीटरवर जाऊन आली. काय काय पाहिले, ते तिने आईला तासभर सांगितले. चाचणीविषयी ती फक्त एवढेच म्हणाली की, पहिल्या वेळी बोटीवरून गेले असते तर बरे झाले नसते. कार्ड तिने पुन्हा पाकिटात ठेवले. पण आता नोंदवहीत ताजी तारीख आहे.

यंदाच्या नोव्हेंबरात मी बँकेत गेलो. त्या मुलीने चहा विचारला, फॉर्म पुढे केला. मी सही केली. तिने ती नमुन्याशी ताडून पाहिली आणि जरा अवघडून म्हणाली की जुळत नाही. माझा हात अलीकडे थोडा थरथरतो, हे मी घरी कुणाला सांगितलेले नाही. बहुधा स्वतःलाही सांगितलेले नव्हते. तिने दुसरा फॉर्म दिला. मी खुर्ची पुढे ओढून घेतली, हात टेबलावर नीट टेकवला आणि सावकाश सही केली. या वेळी जुळली. मी तिचे आभार मानले, तेव्हा ती जराशी चकित झाली.